बेचाळिसावं झुडूप

एकेचाळीस मोजून झाली तेव्हा ऊन कललं होतं.
सोदनोम गुडघ्यांवर, मी फितीचं दुसरं टोक धरून,
आणि वारा, दक्षिण गोबीचा घरमालक,
आमची वही आमच्याआधी चाळणारा.

उंची दीड मीटर. घेर दोन.
कोवळ्या फांदीवर राखाडी लव.
पान म्हणजे तीन पर्णिका, क्वचित एकच,
दोन्ही अंगांनी चंदेरी केसांनी मढलेलं;
बोटांत धरलं तर मांजराच्या कानासारखं.

मोन्ख खारगाना म्हणतात इथे. मोन्ख म्हणजे चिरंतन.
बाकीच्या खारगाना शरदात पानं टाकून मोकळ्या होतात.
हिची मात्र उणे तीसमध्येही फांदीला धरून,
करडी, आक्रसलेली, रंध्रं मिटून.
पेशींत म्हणे एक प्रथिन असतं;
बर्फाचा कण जरा कुठे धरायला लागला
की त्याला जाऊन चिकटतं.
"मारत नाही," सोदनोम म्हणाला,
"वाढू देत नाही, एवढंच."

आता एप्रिल, आणि फुलं.
एवढ्या वाळूत इतकं पिवळं
की डोळे आधी विश्वासच ठेवत नाहीत.
वर ध्वज, बाजूला दोन पंख, खाली नौका,
नौकेत दहा पुंकेसर, सुटे सुटे,
आणि एक मधमाशी,
जिचं घर कुठल्या भोकात असेल
ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.

शेळ्या हिला तोंड लावत नाहीत. पानांत कडू जहर.
उपासाच्या वसंतात एखादं अडाणी करडू लावतं,
आणि संध्याकाळी कळपात एक कमी भरतं.
मेंढपाळ शिव्या घालतात, उपटत नाहीत.
मुळांनी वाळू मुठीत धरली आहे,
आणि मूठ सुटली की वाळू कुठवर येते
ते इथल्या प्रत्येक दाराला ठाऊक आहे.

बेचाळिसावं म्हणजे नुसता बुंधा.
कुऱ्हाडीचा जुना घाव, वाऱ्याने गुळगुळीत केलेला.
सोदनोमने भिंग लावून
सुईच्या टोकाने कडी मोजली. त्रेसष्ट.
त्रेसष्ट वर्षं, मनगटाएवढ्या जाडीत.
मग तो बराच वेळ काही बोलला नाही.

गेरमध्ये डेजिदने मिठाचा चहा ओतला.
कुणी तोडलं, त्याने विचारलं,
आवाज शाळामास्तराचा.
"मी," ती म्हणाली.
"झुदचं वर्ष. सगळ्या शेणी बर्फाखाली.
नवरा सुईण आणायला घोड्यावर गेला
तो तिसऱ्या दिवशी उगवला, एकटाच.
हिची ओली फांदीसुद्धा पेटते, आईने सांगून ठेवलेलं.
तोडताना झाडाची माफी मागायची असते.
मागितली नाही. दात वाजत होते."

तेवढ्यात दारातून एक पोरगा वाकून आत आला.
गालबाद्राख. हाक मारायला नुसतं गाल.
तिच्या भाषेत गाल म्हणजे विस्तव.
माझ्या भाषेतले गाल त्याचे
थंडीने तडकलेले, तांबडे.
त्याने न विचारता भिंग उचललं
आणि आमचे डोळे मोठे करून पाहत बसला.

वहीत शेवटचा रकाना असतो: नाशाचं कारण.
चराई, खाण, लाकूडतोड, इतर.
सोदनोमने पेन तसंच धरून ठेवलं,
चहावर साय धरेपर्यंत.
मग चारही पर्याय सोडून लिहिलं:
हिवाळा.

निघताना बेचाळीस नंबरचा पत्र्याचा बिल्ला
त्याने त्या बुंध्यालाच बांधला.
का, ते मी विचारलं नाही.
जीप वळली तेव्हा मागच्या काचेतून दिसलं,
पोरगा तिथे उकिडवा बसलेला,
बोटाने कडी मोजत होता,
मध्येच चुकून
पुन्हा पहिल्यापासून.